नदीच्या नावे

तोयामात दुखलं की म्हणतात, इताई.
आपल्याकडे दुखलं की, आई.
एवढंसंच अंतर दोन भाषांत.
तिथे जिन्झू नदीच्या काठी एका आजाराचं नावच आहे
इताई-इताई.
वर डोंगरात खाण होती, खाली भातशेती,
मध्ये पाणी, आणि पाण्याला वाहण्यापलीकडे काय ठाऊक?
बायकांची हाडं खोकल्यानंसुद्धा मोडायची.

कुरोसाकी तोमोए हाडांचं औषध बनवते.
गोळी नव्हे, गोळीच्या पोटातली चिमूटभर पांढरी पूड.
सात पायऱ्या चढून ती हाती येते,
आणि दर पायरीवर काहीतरी धुवायचं, गाळायचं, ओतून द्यायचं.
एका रात्री तिनं हिशेब मांडला:
एक किलो औषध,
त्र्याऐंशी किलो बाकीचं.
बाकीचं म्हणजे गोडसर वासाचे विद्रावक,
गाळणीवरचा काळा चिखल,
निळ्या पिंपांत बसून ट्रकची वाट बघणारं सगळं.

"नियमात आहे," मिनाबे म्हणाला.
होतंच नियमात.
"पिंपं कुठे जातात?"
"ट्रक येतो ना."
"आणि ट्रक?"
तो चहावर फुंकर घालत राहिला.
चहा केव्हाच निवला होता.

तिचे वडील दारोदार औषधं ठेवत फिरायचे.
पाठीवर वेताची पाच मजली पेटी,
ठेवताना पैसे घ्यायचे नाहीत.
वर्षानं परत जायचं, किती खर्ची पडलं ते मोजायचं,
तेवढ्याचंच मागायचं.
पोरांच्या हातात एक कागदी फुगा.
वहीत दर घराला एक पान,
पानावर तीन रकाने:
ठेवलं. वापरलं. उरलं.
त्या वहीची मागची कोरी पानं
आता तिच्या टेबलावर आहेत.

जानेवारीत खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ चढला तेव्हा
तिनं विद्रावकाच्या जागी पाणी घेतलं,
जड धातूच्या जागी मातीतल्या कुठल्याशा जिवाणूचं विकर.
त्याला भट्टी लागत नाही, दाब लागत नाही,
अंगाची ऊब पुरते.
पहिल्या खेपेला शंभरातलं अकरा हाती आलं, वर नुसता फेस.
दुसऱ्या खेपेला तेही नाही.
ओगिताबाईंनी खर्चाचा कागद तिच्यापुढे सरकवला,
बोलल्या काही नाहीत. कागदच बोलत होता.
सतराव्या खेपेला आम्लाचे दोन थेंब कमी पडले, चुकून,
मिनाबेचा हात थंडीनं आखडला होता म्हणून,
आणि भांड्याच्या तळाशी
हळूच काहीतरी बसू लागलं,
दुधावर साय धरावी तसं, पण उलटं, खालून.
दोघं वाकून बघत राहिली.
मिनाबेनं हात खिशात घातले,
जणू ते आता जपून ठेवायला हवेत.

सातच्या चार पायऱ्या झाल्या.
पिंपं कमी झाली, ट्रक आठवड्याऐवजी महिन्यानं येऊ लागला.
कंपनीनं भिंतीवर हिरव्या पानाचं चित्र लावलं,
खाली तिचं नाव, थोडं चुकीच्या अक्षरांत.
तिनं ते दुरुस्त करून मागितलं नाही.

मार्चअखेर, बर्फ वितळून
जिन्झू काठोकाठ भरली तेव्हा
ती वही घेऊन पुलावर गेली.
पाणी गढूळ होतं, घाईत होतं,
कुणाला ओळख देण्याच्या मनःस्थितीत नव्हतं.
कठड्यावर वही टेकवून
तिनं एक नवं पान उघडलं,
घराच्या नावाच्या जागी लिहिलं: नदी.
आणि त्याखाली, एक किलोमागे:
ठेवलं, वीस.
वापरलं, एक.
उरलं
एकोणीस.

वडील असते तर म्हणाले असते,
उरलेलं आपलंच असतं, पोरी,
ते परत न्यायला जावंच लागतं.
वाऱ्यानं पान फडफडलं.
तिनं अंगठ्यानं ते दाबून धरलं,
शाई वाळेपर्यंत.